राखून ठेवलेले तीन सिनेमे

सिनेमा पाहणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सिनेमा पाहण्यापेक्षा तो निवडण्यातच आयुष्याची तीस-चाळीस वर्षं घालवलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही लहानपणी सुट्टीत अड्यारला यायचात तेव्हा ज्यांना 'वरचे आजोबा' म्हणायचात, तेच हे. 'आजी रविवारी फोन का उचलत नाही?' असं तुम्ही दोघांनी तिकडून तुमच्या आईमार्फत विचारलंत. त्याचं खरं उत्तर वरचे आजोबा हे आहे, आणि ते फोनवर सांगण्याइतकं लहान नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वरचे आजोबा बँकेत तपासनीस होते. मुलंबाळं नाहीत, पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी कितीतरी पिढ्यांपूर्वी तंजावरला आलं आणि तिथेच राहिलं. त्यामुळे ते बोलू लागले की एखादी जुनी बखर तमिळ हेल काढून बोलते आहे असं मला लग्न होऊन सांगलीहून इथे आल्यावर वाटायचं. मला ते 'वैनी' म्हणतात, मी त्यांना 'भावजी'. त्यांच्या घरात दुपारनंतर पश्चिमेचं ऊन थेट टीव्हीवर येतं, हे कारण सांगून त्यांनी आपला सिनेमाचा कारभार एका रविवारी आमच्या हॉलमध्ये आणला. पडदा लावून घ्या, असं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याची शिक्षा म्हणून आजतागायत उपमा करते आहे.

कारण भावजी एक सिनेमा पाहत नाहीत. एक सिनेमा म्हणजे त्यांच्या मते एक इडली. कुणी एक इडली खाऊन उठतं का? ते तीन पाहतात, तेही एकाच गोष्टीचे तीन भाग, एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक. त्याला ते 'तिळं' म्हणतात. सकाळी नऊला पहिला, मग उपमा. दुसरा, मग थोडा सांबारभात, पण दहीभात नाही, कारण दहीभाताने झोप येते. मग तिसरा, आणि मध्ये कधीतरी कॉफी आणि सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे. दिवेलागणीच्या आत सगळं आटोपलंच पाहिजे. तुम्हाला माहीत आहे, मीही वेळापत्रकाने चालणारी बाई आहे. पण माझं वेळापत्रक मला थांबू देतं, त्यांचं देत नाही.

आणि तिळं कुठलंही चालत नाही. पहिला भाग चालला म्हणून पुढचे दोन काढले असतील तर ते बाद. "ते तिळं नव्हे वैनी, तो हव्यास," असं ते म्हणतात. करणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून तीन हवेत. त्यातही उन्हाळ्यात बर्फाचे सिनेमे नकोत, कारण बाहेर पडल्यावर शरीराला फसवल्यासारखं होतं. प्रत्येक त्रयीचं एक कार्ड, कार्डावर बारीक अक्षरात गुणदोष, आणि लोखंडी कपाटात त्या कार्डांच्या रांगा. निवड पंधरा पंधरा दिवस चालायची. येईल जाईल त्याचं मत घेतलं जायचं. एकदा त्यांनी आमच्या फाटकाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याला विचारलं, की या रविवारी एका कुटुंबाची तीन भागांची गोष्ट पाहावी की तीन भागांची लढाई? तो हातातली इस्त्री न थांबवता म्हणाला, "लढाई नको सार, आधीच किती गरम होतंय." लढाई त्या दिवशी बाद झाली आणि तिच्या कार्डावर त्याचं कारण नोंदलं गेलं.

तुमच्या आजोबांचा या सगळ्यात वाटा असा, की ते पहिल्या भागात जागे असतात, दुसऱ्यात घोरतात आणि तिसऱ्यात जागे होऊन "हा कोण?" असं विचारतात. एकदा डिस्क त्यांनी लावली आणि दुसरा भाग आधी लागला. भावजींना पूर्ण सिनेमा संपेपर्यंत संशय आला नाही. उलट 'कशी धीट सुरुवात!' म्हणून ते मान डोलवत होते. खरी गोष्ट कळल्यावर त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा पाहायला लावलं. त्या दिवशी चार सिनेमे झाले. मी रात्री स्वयंपाक केला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

पण भावजींचा खरा स्वभाव तुम्हाला कळायचा तर त्यांना लग्नाच्या पंगतीत पाहायला हवं. आवडीचा पदार्थ शेवटी खायचा, हा त्यांचा नेम. मागे एका लग्नात त्यांनी मैसूरपाकाचे दोन तुकडे पानाच्या कडेला सरकवून ठेवले, बाकीचं सगळं सावकाश जेवले, आणि शेजारच्याशी एक शब्द बोलायला मान वळवली. तेवढ्यात पानं उचलणारा आला आणि पान गुंडाळून घेऊन गेला. भावजी रिकाम्या टेबलाकडे पाहत बसले. मी म्हटलं, "दुसरा मागू का?" तर म्हणाले, "नको वैनी. तो मी राखलेला नव्हे."

सिनेमांतही त्यांनी एक तिळं असंच राखून ठेवलं होतं. दूरच्या कुठल्याशा थंड देशातलं, एका नावाड्याची गोष्ट. पहिल्या भागात तो तरुण आहे आणि नदीवर होडी घालतो. दुसऱ्यात त्या नदीवर पूल बांधला जातो. तिसऱ्यात तो म्हातारा आहे. इतकंच त्यांनी कुठेतरी वाचलेलं. नोकरीत असतानाच कुणाकडून तरी तिन्ही डिस्क मागवल्या होत्या. त्या कार्डावर गुणदोष नव्हते, फक्त 'नंतर' असं लिहिलेलं. दर वेळी मी विचारायची, "भावजी, नावाडी कधी?" दर वेळी उत्तर एकच, "ऐयो, इतक्यात कशाला?"

यंदा पोंगलच्या सुमारास ते कॉफीला आले, आणि त्यांनी डबऱ्यातली, म्हणजे कॉफी निववायच्या वाटीतली कॉफी पेल्याच्या शेजारी ओतली. हळूच, नीट, एका धारेत, टेबलावर. मी फडकं आणलं. ते म्हणाले, "मध्यें दिसत नाही वैनी. कडेनं दिसतं." एक डोळा आधीच गेल्यासारखा झाला होता, दुसऱ्यात मधोमध राखाडी डाग पसरत होता. डॉक्टर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देत होते, पण किती दिवस दिसेल ते सांगायला तयार नव्हते. हे त्यांनी आम्हाला दोन महिने सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग या रविवारी नावाडी."

मुलांनो, तुम्हाला वाटेल की आता तरी माणूस घाई करेल. त्यांनी नवी कार्डं काढली. एकच तिळं नीट दिसणार असेल तर ते न पाहिलेलं असावं की आवडलेलं पुन्हा पाहावं? नावाडी वाईट निघाला तर? नजर वाया घालवल्यासारखं नाही का होणार? ते रोज संध्याकाळी खाली यायचे, मी कार्डं वाचून दाखवायची, कारण आपलंच अक्षर त्यांना आता लागत नव्हतं, आणि ते म्हणायचे, "सरी," म्हणजे बरं, "हे वर ठेवा. नको, खाली ठेवा." एकदा तुमचे आजोबा चिडून म्हणाले, "अहो, मुलगी बघायला गेल्यावर तरी इतका वेळ लावला होता का?" भावजी म्हणाले, "तिनं लावला होता." असे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल गेले. मी दमले होते आणि मला भीती वाटत होती. पण भीतीचं सांगता येत नाही, म्हणून मी दमल्याचंच सांगत राहिले.

मे महिन्यात, इथे ज्या दिवसांना कत्तिरी म्हणतात त्या भाजणाऱ्या दिवसांत, एका रविवारी सकाळी ते जिना मोजत खाली आले. हातात तीन डिस्क. "नावाडीच," म्हणाले. नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

कडेच्या नजरेने पाहायचं म्हणून ते टीव्हीकडे कूस करून बसले. नवख्या माणसाला वाटलं असतं, हे आमच्या टीव्हीवर रुसले आहेत. पहिला भाग त्यांनी असा मान वाकडी करून पाहिला. नदी दिसते म्हणाले, होडी दिसते, तोंडं दिसत नाहीत. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं तर मुळीच नाही. मग मी खुर्ची जवळ ओढली आणि वाचू लागले. शाळेत नन्सनी माझ्याकडून इंग्रजी घोटून घेतलं, ते असं कामाला येईल असं त्यांनाही वाटलं नसेल. वाचायचं इंग्रजी, बोलायचं मराठी, आणि तेही पुढचं वाक्य यायच्या आत.

"वैनी, तो नावाडी आहे," दुसऱ्या भागात ते म्हणाले. "तुमच्या तोंडी तो शाळेचा मुख्याध्यापक वाटतो."

"मला येतं तसं सांगते आहे."

"तो 'कृपया' कशाला म्हणेल? होडीत चढणाऱ्याला कुणी कृपया म्हणतं?"

"मग तुम्हीच वाचा!" मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला. होडी चालत राहिली, माणसं काहीतरी बोलत राहिली, खाली अक्षरं येऊन जात राहिली, आणि मला एकही वाचता येईना. तेवढ्यात तुमचे आजोबा जागे झाले आणि म्हणाले, "हा कोण?"

"नावाडी," भावजी शांतपणे म्हणाले. "थोडा मुख्याध्यापक. वाचा वैनी, माणसं बोलून चालली आहेत."

मी 'कृपया' गाळून वाचलं. दुपारी सांबारभात झाला. तिसरा भाग लागला तोवर माझा घसा बसला होता आणि त्यांनी मान वळवायचं सोडून दिलं होतं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ते नुसते ऐकत होते. शेवटची दहा मिनिटं उरली असतील, आणि सिनेमा बोलायचा थांबला. फक्त पाण्याचा आवाज.

"वाचा ना."

"वाचायला काही नाही हो."

"मग पाहा आणि सांगा."

मी लिहिलेलं वाचणारी बाई आहे. समोर दिसतं ते सांगायची सवय मला कधी लागली नाही. "नदी आहे," मी म्हटलं. "पूल आहे. होडी काठावर पालथी आहे. तो तिच्यावर बसलाय."

"कसा बसलाय? दमून?"

मी पुढे वाकले. "नाही. बस यायची असते तसा."

"अप्परम?" म्हणजे, पुढे?

"पलीकडच्या काठावर कुणीतरी आलंय. बाई असावी. धुकं आहे. तिने हात वर केलाय."

"बोलावते आहे की निरोप देते आहे?"

मी पाहत राहिले. चष्मा पुसून पाहिलं. काहीतरी एक सांगून टाकावं, त्यांना बरं वाटेल ते सांगावं, असं मनात आलं. इतकी वर्षं राखून ठेवलेली गोष्ट होती. तिचा शेवट माझ्या हातात होता आणि तपासायला कुणी येणार नव्हतं. तिचा हात तसाच वर होता.

"भावजी," मी म्हटलं, "मला कळत नाही."

त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. मग म्हणाले, "सरी. मग तुम्ही बरोबर पाहतां आहां."

पडदा काळा झाला आणि नावं वर सरकू लागली. बाहेर अजून पुरतं ऊन होतं. मी उठू लागले तर ते म्हणाले, "तीही वाचाल?" मी बसले. ती लांबलचक, न ऐकलेली नावं मी एकेक करून वाचली, अगदी होडी सांभाळणाऱ्या माणसाच्या नावापर्यंत. उच्चार बहुतेक सगळे चुकले असतील. त्यांनी एकही दुरुस्त केला नाही.