उणे दोनाचा वर्ग

ग्रेनडातल्या गुयाव्हमध्ये गणवेश शिवणारी युलाली तिसऱ्यांदा गणिताच्या परीक्षेला बसली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिच्या वयाला हे शेवटचंच वर्ष होतं. सकाळी मुलगी म्हणाली, "आई, आलेखाचे बिंदू पट्टीने जोडू नकोस हं. मागच्या वेळी डोंगर काढून आलीस!"

आलेख काढायचा होता क्षचा वर्ग वजा दोन क्ष याचा. सात बिंदूंपैकी सहा वाटीसारखे बसले, पण डावीकडचा शेवटचा खाली लोंबत होता. गणवेशाचा असा पडलेला गळा तिने उसवलाच असता. तिने पुन्हा किंमत काढली. उणे दोनाचा वर्ग तिने उणे चार धरला होता!

बिंदू शून्यावरून आठावर नेऊन तिने वक्र ओढला, तोच घंटा झाली.

"पेपर हळू घ्या, बाई," ती पर्यवेक्षिकेला म्हणाली, "पेन्सिल पुसली जाईल."