न तापणारा तवा

आता मी अकलेचे तारे कसे तोडले, काय सांगू तुम्हाला! वाळूजच्या कारखान्यात दिवसभर भट्टीवर काम करणारा माणूस मी, अन् घरच्या तव्यानं माझी पार शोभा केली!

बायकोच्या बाळंतपणाला सासूबाई फर्दापूरहून आल्या होत्या. घरचं शेत सोडून त्यांनी लेकीचं, नातीचं अन् माझंसुद्धा सगळं केलं. त्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्या परत निघणार होत्या. म्हटलं, एकदा तरी आपल्या हातचं गरम धिरडं खाऊ घालून पाठवायचं.

"आई, आज तुम्ही नुसतं बसायचं! स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाय!"

तवा ठेवला. पाण्याचा थेंब टाकून बघितला. तापलेल्या तव्यावर थेंब चर्र करून आटतो, व्हय ना? हा पठ्ठ्या आटेचना! गोटीसारखा इकडून तिकडं पळायला लागला. म्हटलं, तवा थंड हाय. गॅस मोठा केला. पुन्हा थेंब टाकला. हा तर आणखी ऐटीत पळतोय!

"वर्षा, सिलिंडर संपलं गं!"

"अहो, परवाच तर लावलंय!" बायको आतून ओरडली.

ऐकतो कोण? शेजारच्या शबानाभाभींचं सिलिंडर उचलून आणलं अन् जोडलं. भाभी मागोमाग आल्या.

"भाई, तवे में से धुआं निकल रा!"

"नै भाभी, थंडा है. देखो ना, पानी सूखताच नै!"

शेवटी कंटाळून पीठ ओतलं. अरे देवा! पिठाची कड टेकल्या टेकल्या वाळून जागच्या जागी चिकटली. पळीनं पसरवायला गेलो, तर कड हलेना अन् मधला गोळा पळीबरोबर वर! घरभर धूर.

सासूबाई आल्या. त्यांनी गॅस बंद केला. जरा थांबून पाणी शिंपडलं. चर्रर्र!

"बघा! गॅस बंद केल्यावर तापला!" मी ओरडलो.

भाभी भिंत धरून हसायला लागल्या.

"जावईबापू, तवा लई तापला होता," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतक्या तापल्या तव्यावर थेंबाखाली वाफेची गादी होते. थेंब तिच्यावर बसून हुंदडतो, म्हणून लवकर आटत नाय. पिठाच्या कडेतलं पाणी मात्र लगेच उडून जातं, मग ती पुढं सरकणार कशी? भट्टीवाला म्हणे मी!

मग सासूबाईंनीच सगळ्यांना धिरडी करून वाढली. स्वतःच्या ताटात मात्र माझा तो करपलेला गोळा घेतला.

"आई, टाका ना तो!"

"का? जावयानं माझ्यासाठी केलाय."

खरं सांगतो, डोळे भरून आले. पाया पडलो अन् म्हणालो, "आई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत." त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

रिक्षात बसताना त्या लेकीला म्हणाल्या, "दोन लेकरं तुझ्या भरवशावर सोडून चालले बघ. धाकटीची काळजी नाय. थोरल्याला तेवढं गॅसजवळ जाऊ देऊ नको!"