सातेरीने न दिलेला कौल

बाळ झोपलं की घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं. माझं उलटं होतं. माझी लेक झोपली की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. ही साधी झोप आहे की माझ्या गोळीची, ते मला कळायचं नाही. मी तिच्या नाकापुढे बोट धरायची, तळपायाला गुदगुल्या करायची, आणि बिचारी दचकून रडायला लागली की माझा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे पोर रडली की आई खूश, असा आमच्याकडे उफराटा न्याय चालला होता. सासूबाई म्हणायच्या, "गो, निजलेल्या पोराक उठवणारी आवस मी पयलीच बघतंय." त्या हसून म्हणायच्या, पण जाता जाता माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या.

घाबरण्याचा आजार मला बाळाच्या आधीपासूनचा. त्याला आजार म्हणायलाच मला पुष्कळ वर्षं लागली. माहेरी सगळे 'स्वभाव' म्हणायचे. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी माझी गत. लेक झाल्यावर मात्र या स्वभावाने कहर केला. आमच्या मागच्या दारी विहीर आहे. तिच्या काठावरून जाताना बाळ माझ्या हातून निसटून खाली जातंय, असं स्पष्ट डोळ्यांपुढे यायचं. मी मागच्या दारी जाणंच सोडलं. मग माळ्याच्या जिन्याची भीती बसली, मग विळीची. नवरा गोव्याला हॉटेलात नोकरीला. तो सुटीवर आला, मी विळीलाही हात लावत नाही हे त्याने पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी मला कुडाळला डॉक्टरांकडे घेऊन गेला. सासूबाईंना आम्ही अशक्तपणाचं औषध म्हणून सांगितलं.

डॉक्टरबाई शांत होत्या. बाळ अंगावर पितंय हे आधी विचारून घेऊन मगच त्यांनी गोळी लिहिली. ही दुधात फार थोडी उतरते, म्हणाल्या. बाळाचं पिणं, झोप, वजन यांवर लक्ष ठेवा, ती फार सुस्त वाटली किंवा प्यायला मागेना तर लगेच घेऊन या. "आणि आपल्या मनाने गोळी बंद करू नका, कमीही करू नका. शंका आली तर मला विचारा." येताना कसालच्या नाक्यावर एस.टी. थांबली तोवर मला त्यांचं सगळं पटलेलं होतं. गाडी मालवणच्या रस्त्याला वळली आणि पटेनासं झालं.

मला डॉक्टरांचा शब्द पुरत नव्हता. मला खूण हवी होती. सकाळी गोळी हातात घेऊन मी पडवीत उभी राहायची. कावळा उजवीकडून ओरडला तर घ्यायची, डावीकडून ओरडला तर नाही, पाल चुकचुकली तर अर्धी. आमच्या माडांवर कावळ्यांना तोटा नाही, त्यामुळे मी उभी असेपर्यंत देव दोन्ही बाजूंनी बोलून मोकळा व्हायचा. मग मी गोळी मोडायची, अर्धी गिळायची, आणि दिवसभर त्या अर्धीचीही भीती बाळगायची. अर्धी गोळी मला पुरत नव्हती आणि पोरीची काळजी तर तसूभरही कमी होत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते मला शब्दशः लागू होतं.

पुढे मी आणखी एक युक्ती काढली. गोळीनंतरचं पहिलं दूध वाटीत पिळून काढायचं आणि माडाच्या बुडाशी ओतायचं. छाती दुखायची, पोर भुकेने हात चोखायची, आणि मी तिच्या वाटणीचं दूध मातीत जिरताना बघत उभी राहायची. एके सकाळी मागून आवाज आला.

"गो, ह्या काय? दूद माडाक घालतंस? नारळ गोड होतले म्हणान?"

सासूबाई थट्टेच्या सुरात बोलल्या, पण मी वळले तेव्हा माझं तोंड बघून त्यांची थट्टा विरली. मी वाटी तिथेच ठेवली आणि सगळं सांगितलं. गोळी, डॉक्टर, विहीर, कावळेसुद्धा. त्या पायरीवर बसल्या.

"तू विहिरीकडे येणंस नाय, ता ह्याच्यासाटी?" त्यांनी विचारलं. "माका वाटला, तुका पाणी काढूचो कंटाळो."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं, कारण त्या घाबरल्या. "पण दुधातसून ता पोराच्या पोटात जाता ना गो?" असं त्यांनी त्या दिवसात कितीदा तरी विचारलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो. आमच्या घरी आता एकाच ब्रह्मराक्षसाला दोन भित्री मिळाली. संध्याकाळी दिवा लावताना त्याच म्हणाल्या, "सातेरीक कौल लावया. ती सांगात तसा करूया."

सातेरी आमची ग्रामदेवी. आमच्याकडे विहीर खणायची असो, मुलीचं लग्न ठरवायचं असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, पण सासूबाईंच्या तोंडून कौल हा शब्द निघाला आणि मला वाळवंटात पाणी दिसावं तसं झालं. इथे कावळ्यांसारखा घोळ नाही. उजवा मिळाला तर गोळी पुरी घ्यायची आणि पुन्हा कधी शंका काढायची नाही. डावा मिळाला तर गोळ्यांचं पाकीट खाडीत टाकायचं. पुढे माझं काय व्हायचं ते होऊ दे, हेही मी ठरवून टाकलं होतं. हे मी नवऱ्याला फोनवर सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी पोरीला कडेवर घेऊन, पाकीट पर्समध्ये टाकून सासूबाईंबरोबर निघाले. त्या दिवशीची गोळी घेतलीच नाही. देवी काय म्हणते ते बघून काय ते करायचं होतं. देवळात आमच्या आधी चार माणसं बसलेली होती. आमच्या अगदी पुढे एक मासे विकणारी बाई होती, जाड काचांचा चष्मा लावलेली, पलीकडच्या वाडीतली. टोपली तिने बाहेर पायरीशी ठेवली होती. नवरा गेल्यावर होडी पडून आहे, ती विकायची का, असं तिने विचारलं. डावी पाकळी लगेच खाली आली. "नाय म्हणता," ती स्वतःशीच म्हणाली आणि कसलीही कुरकूर न करता खांबाला टेकून बसली. मला तिचा हेवा वाटला.

आमची पाळी आली. सासूबाई गुरवकाकांच्या कानाशी वाकून हळूच बोलल्या.

"मोट्यान सांग गो," काका वैतागून म्हणाले, "माका ऐकाक येणा नाय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मग, देवळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्या म्हणाल्या, "सुनेक भियाचो आजार आसा. डाक्तरान गोळी दिल्यान हा. पोर अंगार पिता. गोळी घेवची की नाय, ता देवीक इचार." माझे कान तापले. ज्या गोष्टीवर मी महिनोन् महिने पांघरूण घातलं होतं, ती आता गावच्या देवळाच्या मधोमध उघडी पडली होती. मी पदराआड पोरीला घट्ट धरून खाली बघत राहिले.

काकांनी पाकळ्या लावल्या आणि प्रश्न घातला. मी डोळे मोठे करून बघत होते. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. काकांनी पुन्हा विचारलं. मागे कुणीतरी खोकलं, पोर चुळबुळ करू लागली, देवीच्या अंगावर दोन्ही पाकळ्या तशाच. काकांनी त्या काढल्या, नव्या लावल्या, पुन्हा विचारलं. नाही. उजवी नाही, डावीही नाही. पाकळ्या जास्त ओल्या असतील, हवा दमट असेल. मी त्यावर वाद घालणार नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. कोळणीला होडीपुरतं उत्तर देणारी देवी माझ्या लेकराच्या बाबतीत तोंड उघडत नव्हती.

"आज आये बोलणा नाय," काका म्हणाले.

"म्हणजे काय समजूचा?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "डाक्तरान काय सांगल्यान?"

"रोज घे म्हणून," मी म्हणाले. "बंद करू नको म्हणून."

"मगे?" काका म्हणाले.

एवढंच. त्यांचे गुडघे दुखत होते, मागे माणसं खोळंबली होती, आणि त्यांना मला काही शिकवायचंही नव्हतं. पण मला अजून देवीचंच उत्तर हवं होतं. मी उभीच राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा काका जरा नरमले. "कौल नाय तर नाय. गाऱ्हाणा घालतंय," म्हणाले. हात जोडून त्यांनी खड्या आवाजात देवीला हाक मारली. गाऱ्हाण्याची रीत अशी की गुरव एकेक वाक्य देवापुढे ठेवतो आणि जमलेल्यांनी त्याला होकार द्यायचा.

"आये सातेरी, ह्या घरची सून लेकराक घेवन तुझ्या पायाकडे इली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," दोघा-तिघांनी म्हटलं.

"तिचो जीव थाऱ्यार नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"औषद घेता आणि भियेता, नाय घेतल्यान तरी भियेता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागून एक आवाज सगळ्यांच्या वर चढला. ती मासेवाली होती.

"ता औषद तिका गुणाक येवंदे, ल्हान जीवाक काय बादा होव नको, आणि ह्या भय हयच तुझ्या पायाकडे ऱ्हवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं भय एवढ्या माणसांनी एका दमात मान्य केलं. कुणी 'कशाला घाबरतेस' म्हटलं नाही, 'काही होत नाही' म्हटलं नाही. हो, आहे, एवढंच म्हटलं आणि ते उचलून देवीच्या पायाशी नेऊन ठेवलं. मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येत नाही. भीती गेली नाही. पण इतके दिवस ती एकटी मी धरून होते, आणि आता तिला पुष्कळ हात लागले होते.

पोर भुकेने रडायला लागली. मी सभामंडपाच्या कोपऱ्यात बसून तिला पाजायला घेतलं, तर मासेवाली उठून आली आणि माझ्यापुढे पाठमोरी आडोशाला बसली. तिच्या अंगाला बांगड्यांचा वास येत होता, हातातल्या नव्हे, टोपलीतल्या. मान न वळवता तिने विचारलं, "आजची गोळी खाल्लंस?"

"नाही. कौलासाठी थांबले होते."

"माझ्या आवशीक असाच झाला होता," ती म्हणाली. "माझो धाकटो भाव झालो तेवा. सगळी म्हणत, भूत लागला. तिका खोलयेत बांधून ठेवीत. भाव मावशेच्या दुदार वाडलो." जरा थांबून ती म्हणाली, "तेवा गोळी नाय होती गो." मग उठली आणि काकांकडून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी पर्समधून पाकीट काढलं. अख्खी गोळी काढली, मोडली नाही. पोर अंगावर पीत होती. देवळात त्या वेळी एकही कावळा ओरडला नाही, किंवा ओरडला असेल तर मी ऐकला नाही. देवीच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर मी ती गोळी गिळली. सासूबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, माझ्याहून जास्त भीती त्यांनाच वाटत होती.

घरी येऊन आधी डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या गोळ्यांचं आणि माडाला घातलेल्या दुधाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पोरीला घेऊन यायला सांगितलं, तिचं वजन केलं, आणि पोर छान आहे म्हणाल्या. सासूबाईही आल्या होत्या. त्यांनी दुधाचा तोच प्रश्न डॉक्टरांना तीनदा विचारला आणि डॉक्टरांनी तिन्ही वेळा उत्तर दिलं.

अनुभव लिहिताना लोक लिहितात की त्या दिवसापासून सगळं पालटलं. माझं तसं नाही. मला अजून घाबरायला होतं, पण विहिरीवर जाते. पोर दुपारी जास्त वेळ झोपली की हात आपोआप तिच्या नाकाशी जातो, मग मी तो मागे घेते. रोज जमतं असं नाही. मासेवाली बाजारात भेटते. मला ओळखते, पोरीचे गाल ओढते, आणि भाव काही कमी करत नाही. तिच्यात देवी आली होती का, असं मला एका बाईने विचारलं. मला ते माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की मी उजवं-डावं मागायला गेले होते, आणि उजवं किंवा डावं काहीही मिळालं असतं तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खूण शोधत पडवीत उभी राहिले असते. सातेरी आईने माझं मागणं पुरवलं नाही, ही तिची माझ्यावरची सगळ्यात मोठी कृपा. शरण जाणं म्हणजे सगळे प्रश्न देवाच्या अंगावर टाकणं, असं मी समजत होते. जो प्रश्न ज्याचा त्याला विचारावा आणि उरलेलं भय तेवढं तिच्या पायाशी ठेवावं, इतकं मला आता कळलं आहे.

रोज सकाळी न्याहारी झाली की मी गोळी घेते. पोर मांडीवर असते. गोळी तळहातावर आली की अजूनही ती मोडावीशी वाटते. मग मी मोठ्याने म्हणते, "भियेतंय म्हाराजा."

आत खोबरं किसण्याचा आवाज थांबतो. "व्हय म्हाराजा," सासूबाई म्हणतात, आणि पुन्हा किसायला लागतात.