पाकात अडकलेली गोळी

अमेरिकेत चँडलरच्या आमच्या घराला गॅरेज आहे, पण त्यात गाडी कधी राहिली नाही. तिथे दुधाचे रिकामे डबे राहतात. एकेक गॅलनचे, पांढरट प्लास्टिकचे, धुऊन वाळवलेले. ‘कामाला येतात,’ असं बायको नऊ वर्षं म्हणत होती, आणि नऊ वर्षांत एकही कामाला आलेला मी पाहिला नव्हता. हा वसा माहेरचा आहे हे सासरे आमच्याकडे सहा महिने राहायला आले तेव्हा कळलं. त्या डब्यांकडे त्यांनी ज्या कौतुकाने पाहिलं, त्या कौतुकाने त्यांनी माझ्याकडे लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सासरे नागपूरकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. उभा जन्म बंदुकीच्या गोळ्या मोजण्यात गेला, त्यामुळे तोंडात शेरे दोनच: पास आणि रिजेक्ट. माझा चहा रिजेक्ट, माझं पार्किंग रिजेक्ट, मी लावलेला टीव्हीचा स्टँड तर दोनदा रिजेक्ट. माझं एकदाच काहीतरी पास झालं होतं, पण ती भाजी बायकोने केलेली निघाली.

दोन महिन्यांत रिजेक्ट करण्यासारखं घरात काही उरलं नाही आणि त्यांचं चित्त उडालं. “इथं मी करून काय राहिलो?” ते म्हणाले. “खाऊन राहिलो अन् झोपून राहिलो. तिकीट बदला.” सासूबाईंना जाऊन वर्षच झालं होतं. नागपूरच्या घरात कुलूप उघडायलाही तेच आणि लावायलाही तेच. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “रविवारपर्यंत थांबा म्हटलंय त्यांना. काहीतरी कर ना, प्लीज.” मला काही सुचत नव्हतं.

सुचलं ते शेजाऱ्याला. तो निवृत्त, एकटा आणि हाडाचा शिकारी. कित्येक वर्षं अर्ज करून त्याला पुढच्या हिवाळ्यात बायसन मारायचा परवाना मिळाला होता. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा भाऊबंद. त्यासाठी तो अंगठ्याएवढ्या जाड गोळ्यांची काडतुसं घरीच भरत होता. अशी गोळी अंगात शिरली की तिचं तोंड फुललं पाहिजे, पण फुलून वरच्यावर अडकता कामा नये, खोल गेली पाहिजे. नाहीतर जनावर तडफडत राहतं, आणि ते त्याला नको होतं. हे तपासायला पाण्याने भरलेले डबे ओळीने मांडतात, गोळी झाडतात आणि ती कितव्या डब्यात थांबली ते बघतात. त्याने कुंपणाच्या भिंतीवरून विचारलं, दुधाचे दोन-चार रिकामे डबे मिळतील का?

मी गॅरेजचं दार वर केलं. त्याने डबे मोजायला घेतले आणि अर्ध्यातच नाद सोडला.

मागून सासरे आले. काय चाललंय ते ऐकलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ताठ उभे राहिले. “सॅम्पल किती?” त्यांनी विचारलं.

बायकोने परवानगी दिली, बंदुकीला आम्ही दोघांनी हात लावायचा नाही या अटीवर. शनिवारी सकाळी सासऱ्यांनी एकूण एक डबा उन्हात धरून तपासला. तडा, पोचा, सैल झाकण, सगळे रिजेक्ट. ते तिथल्या तिथे रिसायकलच्या गाडीत गेले. इतक्या डब्यांतून पास झाले तेरा. हवे होते चौदा, सात-साताच्या दोन ओळी. ते चपला घालायला आत गेले तेवढ्यात मला गॅरेजमधल्या फ्रीजशेजारी दोन भरलेले डबे दिसले. पाण्याचेच समजून मी त्यातला एक उचलला आणि चौदा पूर्ण केले.

वाळवंटातल्या नेमबाजीच्या रेंजवर शेजाऱ्याने पहिला बार काढला. पहिले दोन डबे फाटून उडाले, गोळी सहाव्यात सापडली. सासऱ्यांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. हो, नागपूरहून येताना त्यांनी औषधांबरोबर व्हर्नियर आणला होता. फुललेली गोळी मोजून झाल्यावर त्यांनी ती तशीच तळहातावर धरून ठेवली.

“इतकी वर्षं पास करून सोडल्या,” ते म्हणाले. “पुढं जाऊन त्यांचं काय होते, ते आज पाहून राहिलो.”

दुसरी गोळी मात्र चौथ्याच डब्यात थांबली. शेजाऱ्याचा चेहरा पडला. ‘असल्या बेभरवशाच्या गोळीने मी जनावर मारणार नाही, परवाना गेला तरी चालेल,’ असं म्हणून तो बंदूक आवरायला लागला. तेवढ्यात मला दिसलं की या ओळीतल्या फाटलेल्या दुसऱ्या डब्यावर मधमाश्या जमल्यात. इतक्या डब्यांत त्या एकावरच. मी फ्रीजशेजारून उचललेला तो हाच. संध्याकाळी मंडळाचा पाडवा होता आणि गुलाबजाम आमच्याकडे होते. मी गप्प राहायचं ठरवलं.

सासऱ्यांनी डब्याच्या चिंधीवर बोट फिरवलं, दोन बोटं चिकटवून उघडली, जिभेला लावली.

“जावईबापू, हा पाक आहे.”

“हो, बाबा.”

“एकतारीला आलाय.” मग शेजाऱ्याकडे वळून त्यांनी कारखान्यातल्या इंग्रजीत निकाल दिला: “बुलेट नॉट रिजेक्ट. टेस्ट रिजेक्ट. शुगर!”

फेरतपासणी ठरली. पाच बार, पस्तीस डबे. शेजारी म्हणाला, विकत आणतो. “डिफरंट लॉट. नॉट अलाउड.” सासऱ्यांनी तेही रिजेक्ट केलं. मग डबे कुठून आणायचे? सासरे परतीच्या वाटेवर बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

घरी बायको फ्रीजपाशी उरलेला एक डबा घेऊन उभी होती. “दुसरा कुठाय?”

“टेस्टमध्ये गेला. चूक जावयाची,” सासरे म्हणाले. “अन् ते तिकीट राहू दे. तुमच्याकडं आठवड्याला दोन डबे रिकामे होतात. पस्तीस व्हायला चार महिने लागतात. तोवर मी कसा जाऊ?”

मी बोलणी खायला तयार होतो. पण बायकोचे डोळे भरले होते. तिने फ्रीज उघडला, उंच ग्लास काठोकाठ दुधाने भरला आणि माझ्यापुढे ठेवला. लहानपणापासून मला दुधाचा वास सहन होत नाही, आणि हे तिला लग्नाआधीपासून माहीत आहे.

“पी,” ती म्हणाली.

मी डोळे मिटून ग्लास रिकामा केला. सासऱ्यांनी तो उजेडात धरून तळापर्यंत तपासला.

“पास,” ते म्हणाले.