कुंभारणीचं घर

देवघराच्या कोपऱ्यात कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं. बारीक कमरेची ही माशी चिमूटभर ओली माती आणते आणि गुणगुणत लिंपत बसते. ती जिथे घर करते तिथे पाळणा हलतो, असं आमच्याकडे मानतात. माझ्या सुनेला, रेखाला, पाचवा महिना आहे. गेल्या वेळी चौथ्यातच सगळं संपलं होतं. म्हणून त्या घराला कोणी हात लावायचा नाही, असं मीच सांगितलं होतं.

आज जळमटं काढताना माझ्याच झाडूने ते पडलं. फुटलेल्या मातीत हिरव्या अळ्या होत्या, जिवंत, पण हलत नव्हत्या. त्यांच्यात तिचं एक इवलंसं पांढरं पिल्लू होतं.

"आत्याबाई, काय पडलं हो?" रेखाने आतून विचारलं.

"काही नाही गं. माती."

"भिंतच पाडाल एक दिवस!" ती हसली.

पिल्लासाठी अळ्यांचा खाऊ भरून, घराचं तोंड लिंपून कुंभारीण बाजूला होते. आत काय चाललंय ते तिलाही दिसत नाही. पोटातलंही तसंच. बाहेरून नुसता हात ठेवायचा आणि भीत राहायचं.

दुपारी कुंभारीण आली, रिकाम्या कोपऱ्यात घिरट्या घालून निघून गेली. तेव्हापासून मी तुळशीपाशी पाणी ओतते आहे. चिखल जवळ मिळाला तर कदाचित पुन्हा बांधेल.

"तुळस कुजेल हो, आत्याबाई," रेखा म्हणाली.

मी तिच्याकडे न बघता आणखी एक तांब्या ओतला.