पाण्याखालच्या गावाचा पडदा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी जुन्या नाटकमंडळ्यांच्या रंगीत पडद्यांवर प्रबंध लिहीत होते. मुळशी धरणाकाठच्या एका गावात असा पडदा अजून आहे, पण लवकरच तो रंगवून त्यावर राजवाडा काढणार आहेत, असं कळलं. दुसऱ्याच सकाळी कॅमेरा घेऊन मी स्वारगेटला एसटी पकडली.

पिरंगुटपर्यंत उभ्यानंच प्रवास. पौडला भजी-चहा उरकला, कारण पुढे काही मिळत नसे. मग डोंगरातली वळणं आणि एकाएकी समोर धरणाचं निळं पाणी. तुम्ही गेलात तर खिडकी सोडू नका.

गावच्या नाटकमंडळीचे प्रमुख तात्या धुमाळ यांनी देवळात पडदा टांगून दाखवला. एक गल्ली, कौलारू घरं, गल्लीच्या टोकाला कडुलिंब. तात्या म्हणाले, हे धरणात गेलेलं जुनं गाव. रंगवणारा पुण्याचा, त्यानं गाव पाहिलंच नव्हतं, म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून काढलं. मी हरखले. ऐकीव गावाचं चित्र मला आणखी कुठे मिळणार होतं!

पडदा बघायला बायका जमल्या. त्यांतल्या हौसाआईंचं लहानपण त्या गावात गेलेलं. राजवाडा नको, हेच ठेवा, असं त्यांनी तात्यांना सांगितलं आणि तात्यांनी मान्यही केलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चित्रातल्या एका दारावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "निंब आमच्या दारात व्हता. त्यो हितं आणा."

शाळेचे ड्रॉइंग मास्तर रंग आणायला गेले. मी हौसाआईंना विनवलं, की मूळ रंगाला हात लावला तर अभ्यासाच्या दृष्टीनं पडदाच गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला पडदा जुना पायजे, बाय," त्या म्हणाल्या. "मला माझं दार पायजे."

मी भराभर फोटो काढले आणि बाजूला झाले. दुपारभर मास्तर रंगवत होते, हौसाआई फांद्या सांगत होत्या. तोवर तात्यांच्या घरी वाफाळता भात नि माशाचं कालवण जेवले. निघताना नव्या झाडाचाही फोटो घेतला.

पुण्यात दोन्ही फोटो धुऊन आले. प्रबंधात मी ते शेजारी-शेजारी छापले. तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, यातला अस्सल कोणता? मी पहिल्यावर बोट ठेवलं. पदवी मिळाली.

घरी भिंतीवर मात्र दुसरा लावलाय. त्यात निंबाखाली, ओल्या रंगाच्या सावलीत हौसाआई मांडी घालून बसल्यात.