लोकरीला हात लावायचा नाही

"रागावू नकोस गं, पोटातल्याला बाधतं," हे बासिलियाला दिवसातून दहा वेळा ऐकवलं जाई आणि दहाही वेळा तिचं टाळकं सटके. सासू सांगे, नवरा सांगे, रस्त्यात भेटलेली कुणीही बाई पाठीवरचं बटाट्याचं ओझं खाली ठेवून सांगे. रडायचं नाही, बाळ रडकं होतं. घाबरायचं नाही, बाळ भित्रं होतं. मग पोटुशीनं करायचं तरी काय? नऊ महिने धोंडा होऊन बसायचं?

हात चालू असते तर तिनं तेही निभावून नेलं असतं. तितिकाका तलावाच्या आमच्या काठावर बाई चालते तीच मुळी टकळी फिरवत. मेंढरांमागं, बाजारात, नवऱ्याशी भांडतानासुद्धा. त्यातही बासिलिया उजवी. अल्पाकाची लोकर तिच्या बोटांतून इतकी बारीक आणि एकसारखी उतरे की विणकर तिचंच सूत मागून नेत. ती स्वतःच सांगायची, "डोक्यात काही खुपायला लागलं ना, की मी टकळी घेते. चार हात सूत निघेपर्यंत डोकं ठिकाणावर येतं."

पण पोटुशीनं सूत कातायचं नसतं. बाहेर लोकरीला पीळ दिला की आत नाळेला पीळ बसतो आणि ती बाळाच्या गळ्याला गुंडाळली जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिल्या खेपेला बासिलियानं ते हसण्यावारी नेलं. सातव्या महिन्यापर्यंत कातत राहिली. पोरगा झाला तो निळा, गळ्याला नाळेचे दोन वेढे. रडलाच नाही.

त्या दिवशी सासू, कासिमिरा, एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं तुला." पुढं दोन वर्षं तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गावातही तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त तिच्या सुताचं कौतुक करायचं बंद झालं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तशी कासिमिरानं टकळ्या, लोकर, सगळं उचलून आपल्या ट्रंकेत कोंबलं आणि किल्ली कमरेला खोचली. बासिलियानंही मनाशी बजावलं होतं, लोकरीला हात लावायचा नाही. आठ महिने तिनं मेंढराच्या पाठीवरूनसुद्धा हात फिरवला नाही. रिकामे हात मांडीवर घेऊन बसायची आणि डोक्यात एकच प्रश्न: मी मारलं का त्याला?

एकदा तिनं नवऱ्याला, सेव्हेरोला, सरळ विचारलंही. तो म्हणाला, "जाऊ दे ना. कशाला उगाळत बसतेस? नव्याचा विचार कर." आणि हे बोलताना पठ्ठ्याच्या हातात सुया! आमच्याकडे टोप्या पुरुष विणतात, आणि बापाच्या विणण्यानं नाळ गुंतत नाही म्हणे. हे कुणी ठरवलं, देव जाणे.

"तुझं बरं आहे," बासिलिया म्हणाली. "तू खुशाल वीण."

"हे बघ, रागावू नकोस, बाळाला..."

तिनं समोरचा सुपाचा वाडगा भिंतीवर भिरकावला.

शेवटच्या महिन्यात तिला तालुक्याच्या दवाखान्याशेजारच्या घरात ठेवलं. लांबलांबच्या गावांतल्या बायकांनी दिवस भरत आले की तिथं येऊन राहायचं आणि कळांची वाट बघायची. चार खाटा, एक चूल, आणि भिंतीवर दात काढून हसणाऱ्या पोटुशीचं चित्र. ते चित्र टराटरा फाडावं असं बासिलियाला रोज सकाळी वाटे. पहाऱ्याला कासिमिरा होतीच, वाळवलेल्या बटाट्यांची गोणी घेऊन. बासिलिया संडासला गेली तरी ही दाराबाहेर उभी.

तिसऱ्या दिवशी योव्हाना नावाची नर्स कागद घेऊन आली. मनाची तपासणी म्हणे.

"गेल्या सात दिवसांत तुम्ही हसू शकलात का? नेहमीइतकं, थोडं कमी, की अजिबात नाही?"

"कशावर हसू?"

"तसं नाही हो, मी फक्त खूण करते. बरं, विनाकारण स्वतःला दोष दिलात का?"

"विनाकारण की सकारण, तेच तर कळत नाहीये मला!" बासिलिया उठून बसली. "तुम्ही शिकलेल्या आहात ना, बाई? मग सांगा. सूत कातल्यानं नाळ गुंतते का? हो की नाही?"

योव्हानानं कोपऱ्यातल्या कासिमिराकडं पाहिलं. बायकांच्या रीतीभातींना नावं ठेवू नका, नाहीतर त्या दवाखान्यात यायच्या बंद होतील, अशी वरून ताकीद होती. ती गोड आवाजात म्हणाली, "आपण चांगले चांगले विचार करायचे, बासिलिया. मन प्रसन्न ठेवायचं."

"चुलीत घाला तुमचं प्रसन्न!"

झालं! खोलीतल्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "अगं रागावू नकोस, बाळाला बाधतं!"

कागदावर योव्हानानं कशावर खूण केली कुणास ठाऊक.

दर गुरुवारी मोठ्या इस्पितळातून डॉक्टरीण सोनोग्राफीचं मशीन घेऊन यायची. बासिलियाला टेबलावर निजवलं. कासिमिरा उशाशी उभी राहिली. बाकीच्या बायका दारात नंबर लावून. डॉक्टरीण पडद्याकडं बघत सहज म्हणाली, "बाळ छान आहे. नाळेचा एक वेढा आहे मानेला."

"कातलंस!" कासिमिरा कडाडली. "माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस! कुणाची टकळी घेतलीस, भवाने? बोल!"

बासिलियानं शांतपणे विचारलं, "किल्ली कुणाच्या कमरेला आहे, आई?"

कासिमिराचा हात कमरेकडं गेला.

"आठ महिने तुम्ही माझ्या मागं मागं आहात. लोकरीला बोट लावलं नाही मी, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मग हा वेढा कुणी घातला?" आणि तिला हसू फुटलं. थांबेचना. पोट हलायला लागलं तशी डॉक्टरीण गडबडली.

"घाबरू नका हं तुम्ही..."

"घाबरले नाही मी. मला नीट सांगा. चांगले विचार नकोत."

डॉक्टरिणीनं यंत्र बाजूला ठेवलं. "बाळ आत कोलांट्या मारतं, त्यात वेढा बसतो. चार-पाच बाळांत एकाला असतोच. बहुतेकांना काही होत नाही. कळा सुरू झाल्या की आम्ही ठोक्यांवर लक्ष ठेवू. क्वचित एखाद्या बाळाला होतंही, पण ते आईच्या हातांनी होत नाही. ती कातो नाहीतर न कातो."

बासिलिया रडायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा, भोकाड पसरून. योव्हाना काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच डॉक्टरिणीनं हातानंच तिला थांबवलं.

"दोन वर्षं!" बासिलिया ओरडली. "दोन मिनिटांचं बोलणं, आणि एकानं तोंड उघडू नये?" ती सासूकडं वळली. साठवलेलं सगळं आज बाहेर काढायचं, एक अक्षर ठेवायचं नाही, अशी तयारी होती.

कासिमिरा स्टुलावर बसली होती. तोंडावरचा रंग उडालेला. तिनं सुनेकडं नाही, डॉक्टरिणीकडं बघून विचारलं, "एकेचाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी हेच का, डॉक्टरीणबाई?"

"काय?"

"माझी थोरली. तीही निळीच झाली होती. मी कातत होते. सासूनं सांगितलं होतं मला."

या मुलीबद्दल सेव्हेरोलासुद्धा माहीत नव्हतं. बासिलियाचं साठवलेलं सगळं फुकट गेलं आणि तिला भयंकर संताप आला. धड भांडूही देत नाही ही बाई!

शेवटी तिनं डोळे पुसले. "तुम्ही नाही मारलंत तिला, आई."

"पुन्हा म्हण," कासिमिरा म्हणाली.

"आधी तुम्ही मला म्हणा."

कासिमिरा स्टुलावरून उठली आणि मोठ्यानं, दारातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू नाही मारलंस त्याला."